तीन दिवसांचा मुक्काम

सहलीला निघालेला मराठी माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, ‘तिथं बघण्यासारखं काय आहे?’ आणि दुसरा, ‘तिकीट किती?’ नेदरलँड्सच्या उत्तरेकडे फ्रीसलँड नावाचा जो सरोवरांचा प्रांत आहे, तिथं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं जरा गोंधळात टाकणारी मिळतात. बघण्यासारखं म्हणाल तर डोंगर नाही, धबधबा नाही, दरी नाही. सपाट हिरवी कुरणं, त्याहून सपाट पाणी आणि त्या दोन्हींवर ओणवलेलं भलंमोठं आभाळ. तिकीट म्हणाल तर तेही नाही. तरीसुद्धा दर उन्हाळ्यात तिथलं पाणी शिडांनी पांढरं होऊन जातं. एकदा गेलेली माणसं पुन्हा पुन्हा जातात. माझं निम्म्याहून अधिक आयुष्य बँकेत जमा-खर्चाची तोंडं जुळवण्यात गेलं. त्यामुळं एखादी सुंदर जागा पाहिली की आधी ‘वा!’ म्हणावं आणि लगेच ‘हिचा हिशेब कोण ठेवतं?’ असं विचारावं, ही खोड जडलेली आहे. फ्रीसलँडच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सरोवरापेक्षाही रम्य वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

या प्रांतात लहानमोठी बरीच सरोवरं आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं ट्योकेमेर. डच भाषेत ‘मेर’ म्हणजे सरोवर. फ्रीसलँडच्या लोकांची भाषा मात्र डच नव्हे, फ्रिजियन. त्या भाषेत या सरोवराचं नाव चूकेमार. मराठी कानाला त्यात ‘चूक’ आणि ‘मार’ दोन्ही ऐकू येतात आणि शाळेतल्या मास्तरांची आठवण होते! गमतीचा भाग सोडा, पण आपल्या भाषेविषयी ही मंडळी फार हळवी आहेत. गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात. ट्योकेमेर ज्या नगरपालिकेच्या हद्दीत येतं तिनं २०१५ साली आपलं डच नाव टाकून ‘द फ्रिस्के मारन’, म्हणजे ‘फ्रिजियन सरोवरं’, असं फ्रिजियन नाव घेतलं. खुद्द प्रांताचं अधिकृत नावही १९९७ पासून ‘फ्रिस्लान’ असं आहे.

सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे एकवीस चौरस किलोमीटर. खोली मात्र ऐकली तर हसू येईल. बहुतेक ठिकाणी उंच माणूस उभा राहिला तर त्याचं डोकं पाण्याबाहेर राहावं किंवा जेमतेम बुडावं, एवढीच. म्हणून इथल्या जुन्या होड्यांचे तळ चपटे असतात आणि दोन्ही कुशींना पंख्यासारख्या फळ्या लावलेल्या असतात. वारा आडवा असला की त्यांतली एक पाण्यात सोडायची, म्हणजे होडी कलत-घसरत बाजूला जात नाही. पाणी उथळ असलं तरी वारा सुटला की लाटा आखूड आणि चिडखोर होतात. अडवायला डोंगर नाही, त्यामुळं समुद्रावरचा वारा थेट आत येतो. शिडाच्या होडीवाल्यांना हेच हवं असतं.

आता बघण्यासारखं काय, ते सांगतो. सरोवराच्या नैर्ऋत्येला लेमर नावाचं गाव आहे. एके काळी हे समुद्रावरचं मासेमारीचं बंदर होतं. १९३२ साली डच लोकांनी बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचा तो अख्खा फाटाच बंद केला. खारं पाणी गोडं झालं, मासे गेले, कोळ्यांचा धंदा बसला. पण लेमरच्या कारागिरांनी बांधलेल्या होड्यांचा घाट टिकून राहिला. राजकन्या बेआट्रिक्स अठरा वर्षांची झाली तेव्हा डच जनतेनं तिला भेट दिली ती याच घाटाची होडी. आज लेमर गाव सहलीच्या होड्यांवर जगतं. पश्चिमेला स्लोटन आहे. अकरा ऐतिहासिक शहरांपैकी हे सर्वांत छोटं. एक कालवा, दोन्ही काठांना लिंबाची झाडं (आपला कडुलिंब नव्हे, युरोपातला ‘लिंडन’), जुनी घरं, आणि अर्ध्या तासात संपणारा फेरफटका. उत्तरेला यौरे आहे. डाउवे एगबर्ट्स ही जगप्रसिद्ध कॉफी १७५३ साली याच गावातल्या एका किराणा दुकानातून सुरू झाली. या साऱ्या गावांना कालवे सरोवराशी जोडतात. म्हणजे घरासमोर बांधलेली होडी सोडायची आणि पाण्यापाण्यानंच प्रांतभर हिंडायचं.

होडी चालवायला परवाना लागतो का? पंधरा मीटरपेक्षा लहान आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तर लागत नाही. म्हणून आजी-आजोबा, नातवंडं, कुत्रं आणि जेवणाची टोपली अशा सरंजामानं कुटुंबंच्या कुटुंबं भाड्याची होडी घेऊन निघतात. कालव्यावरचा पूल आला की होडी थांबवायची. पूल उघडणारा माणूस वरून गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडतो. त्यात नाणी टाकायची, की बूट वर आणि होडी पुढं. काही पुलांवर ही पद्धत अजून आहे. इतक्या वर्षांत पुष्कळ तऱ्हेचे कॅश काउंटर पाहिले, पण एवढा लोभस काउंटर दुसरा पाहिला नाही.

माझी भाची आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त तिकडे असतात. त्यांच्याबरोबर असाच होडीतून हिंडत असताना संध्याकाळी आम्ही सरोवरातल्या एका छोट्या बेटाला लागलो. लाकडी धक्का, होडी बांधायला खुंट, भोवती बोरू आणि गवत. एकही माणूस नाही. मी सवयीनं विचारलं, “पावती कुठं करायची?” भाची म्हणाली, “मामा, पावती नाही. तीन दिवस राहता येतं. चौथ्या दिवशी निघायचं.” एवढंच! ना चौकीदार, ना कुंपण. फळीवर फक्त एक पाटी होती, ‘मारेक्रीते’.

या पाटीमागची हकिगत अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या हाती थोडी सुटी आणि थोडा पैसा येऊ लागला, तशा सरोवरांवर होड्या वाढू लागल्या. होडी आली की ती बांधायला काठ हवा. जो तो वाटेल तिथं होडी लावू लागला तर बोरूची बेटं तुडवली जाणार, शेतकऱ्यांची कुरणं खचणार. उलट चांगले काठ खासगी मालकांनी अडवले तर साध्या माणसाला पाणी नुसतं दुरून बघावं लागणार. तेव्हा १९५७ साली प्रांत आणि नगरपालिका यांनी मिळून ‘मारेक्रीते’ ही सार्वजनिक संस्था काढली. नावाचा अर्थ साधाच, ‘सरोवरांचा मुलूख’. ठिकठिकाणी मोकळ्यावर धक्के बांधायचे, ते दुरुस्त ठेवायचे, कचरा उचलायचा आणि कुणालाही तिथं फुकट थांबू द्यायचं, हे तिचं काम. आज प्रांतभर अशा सुमारे साडेतीन हजार होड्यांची सोय आहे. सायकलवाल्यांसाठी आणि पायी हिंडणाऱ्यांसाठी रस्त्यांच्या नाक्यानाक्यावर क्रमांकाचे फलक लावलेले असतात. आपण घरी बसून चार आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि त्या क्रमानं जायचं. त्या फलकांची देखभालही हीच संस्था करते.

आता हिशेबाकडे वळू. ‘फुकट’ या शब्दाला खातेवहीत जागा नसते. एका बाजूला फुकट दिसतं तेव्हा दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे ती रक्कम पडलेलीच असते. इथं मोठा वाटा प्रांताचा आणि नगरपालिकांचा, म्हणजे शेवटी करदात्यांचा. पण त्यात एक छोटी, देखणी भर आहे. मारेक्रीते दर वर्षी एक नवी लहानशी पताका विकायला काढते. ज्याला वाटेल त्यानं ती घ्यावी आणि आपल्या होडीवर लावावी. सक्ती नाही. पताका नसली म्हणून कुणी धक्क्यावरून उठवत नाही. तरी माणसं ती घेतात. देवळाच्या दानपेटीत पैसे टाकणारा माणूस दर्शनाची किंमत मोजत नसतो. आपल्यामागून येणाऱ्यासाठी समईत तेल राहावं एवढाच त्याचा हेतू असतो. पताकेचं तसंच आहे.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कणा मात्र पताका नव्हे, तीन दिवसांची मर्यादा आहे. फुकट वस्तूला मर्यादा नसली की ती पहिल्या आलेल्याची होते. उन्हाळ्याच्या आरंभी एखाद्यानं चांगल्या बेटाला होडी लावली आणि पावसाळी दिवस येईपर्यंत हलवलीच नाही, तर त्या बेटावर त्याची मालकी नसूनही मालकी झाल्यासारखीच! तीन दिवसांचा नियम नेमकं हेच होऊ देत नाही. श्रीमंताची आलिशान बोट असो की शाळामास्तरांची डगमगती होडी असो, चौथ्या दिवशी दोघांनीही दोर सोडायचा. नियम एका वाक्याचा, कळायला सोपा आणि सर्वांना सारखा. असे नियम पाळले जातात. पोटनियमांची पुस्तकं काढली की लोक पळवाटा शोधतात, हे मला बँकेतल्या अनुभवानं माहीत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ‘श्रीमंत देशाला असले लाड परवडतात.’ पण सन लक्षात घ्या, १९५७. महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. त्याच्या चारच वर्षं आधी, १९५३च्या फेब्रुवारीत, नैर्ऋत्य नेदरलँड्समध्ये समुद्राचं पाणी बांध फोडून आत घुसलं होतं आणि १,८३६ माणसं गेली होती. देश तेव्हा घर सावरत होता. अशा वेळी ‘आधी पोटाचं बघू, सहलीचं नंतर’ असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी दोन्ही बघितलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याच्यापाशी होडी नाही, किंवा भाड्यानं घ्यायचीही ऐपत नाही, त्यानं कर भरून होडीवाल्यांचे धक्के का पोसावेत? मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर एवढंच देता येईल, की काठ एकदा खासगी झाला की होडी नसलेल्या माणसाला तर तिथं मुळीच थारा उरत नाही. सामाईक काठावर तो निदान सायकलनं किंवा पायी येऊन गवतावर बसू शकतो. आणि पताका ही होडीवाल्यांनी घ्यावी अशीच अपेक्षा आहे. ज्याला उपभोग जास्त त्यानं आपण होऊन जास्त द्यावं, ही त्यामागची भावना.

पण केवळ धक्क्यांनी सरोवर टिकत नाही. फ्रीसलँडची खरी गोष्ट पाण्याच्या पातळीची आहे. सरोवरं आणि कालवे मिळून तिथं पाण्याचा एक सामाईक साठा आहे आणि त्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे अर्धा मीटर खाली राखलेली असते. भोवतालची कुरणं त्याहूनही खाली. म्हणजे होडीत बसलेल्या माणसाला काठापलीकडच्या गाई आपल्यापेक्षा खालच्या पातळीवर चरताना दिसतात! पाऊस जास्त झाला की कुरणांतलं पाणी उपसून कालव्यात आणि कालव्यातलं उपसून बाहेर टाकावं लागतं. लेमरला या कामासाठी १९२० साली वाफेवर चालणारं प्रचंड पंपगृह उभारलं. उद्घाटन राणी विल्हेल्मिनाच्या हस्ते झालं. विजेचे पंप आले तरी ते मोडीत काढलं नाही. १९९८ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हा वारसा काचेच्या कपाटातला नाही. अतिवृष्टी झाली की ती जुनी यंत्रं अजूनही पेटवतात आणि दिवसाला सुमारे साठ लाख घनमीटर पाणी बाहेर टाकण्याची त्यांची ताकद आहे. यंत्रं चालू असली की पोरांना घेऊन लोक ती बघायला गर्दी करतात. हा खर्च जलमंडळ करतं. त्या मंडळाला वेगळा कर भरावा लागतो आणि त्याच्या वेगळ्या निवडणुका होतात. पाण्याची पातळी ठरवायला मतदान करणारा हा समाज!

आणि इथंच खरा पेच आहे. कुरणांखालची जमीन पीटची आहे. पीट म्हणजे दलदलीतल्या वनस्पती हजारो वर्षं पाण्याखाली साचून झालेली काळी, भुसभुशीत माती. पूर्वी ती खोदून, वाळवून जळण म्हणून विकत. खोदकामानं आणि लाटांनी काठ खाल्ल्यानं इथली बरीच सरोवरं वाढली. ही माती ओली असेपर्यंत ठीक असते. सुकली की हवेशी संयोग होऊन ती अक्षरशः विरून जाते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जमीन खचते. ठिकठिकाणी वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास! गाईंना आणि ट्रॅक्टरांना जमीन कोरडी हवी, म्हणून पाणी खाली उतरवायचं. मग जमीन खचते. मग पाणी आणखी उतरवायचं. जुन्या घरांचे पाये उघडे पडतात, भिंतींना तडे जातात. ओलसर कुरणांत घरटी करणारा लांब चोचीचा ग्रुटो पक्षी कमी कमी होत चालला आहे. २०१५ साली लोकांनी त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं, पण मान दिल्यानं अंडी उबत नाहीत. पाणी वर उचलावं तर दूध घालून जगणाऱ्या शेतकऱ्यांनी काय करायचं? प्रांतिक सरकारनं यावर २०३० पर्यंतचा कार्यक्रम आखला आहे आणि त्यावर वादही भरपूर आहेत.

माझं मत विचाराल तर पाणी हळूहळू वर आणावंच लागेल आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला सर्वांनी मिळून द्यावी लागेल. बँकेत आम्ही दर मार्चअखेर घसारा लिहीत असू. टेबल तेच दिसतं, खुर्ची तीच दिसते, पण वहीत तिची किंमत दर वर्षी उतरते. त्याची तरतूद केली नाही तर एक दिवस खुर्ची मोडते आणि नव्या खुर्चीला पैसे नसतात. जमिनीचा घसारा शतकानुशतकं कुणी लिहिलाच नाही. दुधाच्या दरात तो धरला नाही, सहलीच्या खर्चातही धरला नाही. आता तो एकट्या शेतकऱ्याच्या नावे टाकणं अन्यायाचं होईल. सरोवरावर मजा करून गेलेला प्रत्येक जण त्या जमिनीचा थोडाथोडा देणेकरी आहे.

ही मंडळी हे करू शकतील असं मला वाटतं, कारण सामाईक गोष्ट निगुतीनं सांभाळायची सवय त्यांच्या अंगात आहे. उन्हाळ्यात तिथं ‘स्कूत्शे’ या जुन्या मालवाहू शिडाच्या जहाजांच्या शर्यती होतात. पूर्वी ही जहाजं पीट आणि शेणखत वाहत. कुटुंबंच्या कुटुंबं त्यांच्या इवल्याशा खोपीत संसार करत. मोटारी आल्या, धंदा संपला. पण लोकांनी जहाजं भंगारात जाऊ दिली नाहीत. १९४५ साली शर्यतींची मध्यवर्ती समिती स्थापन झाली. आज त्यात चौदा जहाजं उतरतात, एकेक जहाज एकेका गावाचं, आणि सुकाणूवर जुन्या नाविक घराण्यातलाच माणूस लागतो. हिवाळ्यातली त्यांची शर्यत तर जगप्रसिद्ध. अकरा शहरांतून, गोठलेल्या कालव्या-सरोवरांवरून सुमारे दोनशे किलोमीटर स्केटिंग. १९०९ पासून ती पंधराच वेळा झाली. शेवटची १९९७च्या ४ जानेवारीला. बर्फ पंधरा सेंटिमीटर जाड हवा, आणि हवा तापत चालल्यामुळं तेवढा तो धरत नाही. तरीही बर्फ मोजणारे बावीस विभागप्रमुख आजही नेमलेले असतात. इतक्या वर्षांत जे घडलं नाही त्याचीही तयारी ज्यांनी सोडली नाही, ते पायाखालच्या जमिनीचा हिशेबही मांडतील, अशी आशा धरायला हरकत नाही.

देखभाल चुकली तर काय होतं हेही त्यांना ठाऊक आहे. स्नेक शहराजवळ महामार्ग कालव्याच्या खालून जातो. वरून जहाजं आणि खालून मोटारी. १९७८ सालचं हे बांधकाम. २०२२च्या डिसेंबरात जमिनीखालच्या पाण्याच्या दाबानं त्या रस्त्याचा तळच वर उचलला गेला आणि वाहतूक थांबवावी लागली. पाणी कधी सुटीवर जात नाही.

अलीकडे आपल्यातले पुष्कळ आई-वडील मुलांकडे नेदरलँड्सला जातात. ट्यूलिपची बाग, ॲमस्टरडॅमचे कालवे, पवनचक्क्या, असा ठरलेला फेरा होतो. तो जरूर करावा. पण शक्य असेल तर तीन दिवस काढून फ्रीसलँडला जा. चौथ्या दिवसाचा हट्ट धरू नका, तिथं तो चालतही नाही. लेमरचं पंपगृह बघा, स्लोटनमध्ये कालव्याकाठी बसा, ट्योकेमेरवर एक संध्याकाळ घालवा. आणि निघण्यापूर्वी मारेक्रीतेची ती वर्षाची पताका विकत घ्या. आपली होडी नसते, तेव्हा ती लावायची कुठं, असं घरात कुणी विचारील. लावू नका. कपाटात ठेवा. पैसे मात्र धक्क्याच्या फळीपर्यंत पोचलेले असतील.